खेळासाठी जोडलेला कॉम्प्युटर

कवितेचा माणूस गेमिंगच्या कॉम्प्युटरवर काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं असेल तर त्यात गैर काही नाही. टिटवाळ्यात मांड्याच्या बाजूला माझ्या बहिणीचं घर आहे. तिथे आतल्या खोलीत, कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या अडीच फुटांच्या जागेत, माझ्या भाच्याने स्वतःच्या हातांनी जोडलेला एक कॉम्प्युटर उभा आहे. तो जोडला जात असताना मी शेजारी बसून स्क्रू हातात देत होतो आणि प्रश्न विचारत होतो. कला शाखेच्या पदवीधराचे प्रश्न, म्हणजे अगदी मुळाशी जाणारे. भाच्याने न कंटाळता उत्तरं दिली. काही मी मागाहून वाचून पडताळली.

आधी पैशांचं बोलू, कारण घरात पहिला विषय तोच निघाला. २०२४ च्या दिवाळीत मॉनिटर, कीबोर्ड, माऊस सगळं धरून अठ्ठ्याहत्तर हजार रुपये लागले. मुलगा अंधेरीला नोकरी करतो. रोज जाऊन-येऊन चार तास लोकलमध्ये. दोन वर्षांच्या पगारातून बाजूला टाकलेली ही रक्कम. बहीण म्हणाली, "एवढ्यात स्कूटर आली असती." तो म्हणाला, "अम्मी, चार तास प्रवास करून आल्यावर मी स्कूटरवर बसून कुठे जाऊ?" यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, पण तिचं समाधानही झालं नाही. शेजारच्या चाचांना वाटलं, गेमिंग म्हणजे मोबाईलवरची रमी आणि पैजा. तो गैरसमज पुष्कळ घरांत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता मिळाली. म्हणजे हे दोन प्रकार वेगळे, हे आता कायदाही म्हणतो.

तर दोन वर्षांची बचत. ती वाया जाऊ नये म्हणून काय बघायचं? दुकानात शिरलं की रंगीत दिवे लुकलुकवणारी मधली यंत्रं आपल्याला भुलवतात. मला या सगळ्या उपद्व्यापातून कळलं ते असं, की हा कॉम्प्युटर दोन टोकांकडून ठरवत आणायचा असतो. एक टोक म्हणजे डोळ्यांसमोरचा पडदा. दुसरं टोक म्हणजे भिंतीतला प्लग. ही दोन टोकं पक्की झाली की मधलं बरंचसं आपोआप ठरतं.

पडद्यापासून सुरुवात करू. पडद्यावरचं चित्र ठिपक्यांचं असतं. साध्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. सिनेमाची चित्रं आधीच काढून ठेवलेली असतात, ती फक्त दाखवायची. खेळात तसं नसतं. तुम्ही मान वळवली की समोरची भिंत, झाड, सावली, सगळं त्या क्षणी नव्याने रंगवावं लागतं. सेकंदाला साठ चित्रं हवी असतील तर एका चित्राला मिळतात साधारण १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात वीस लाख ठिपक्यांचा रंग ठरला पाहिजे. सेकंदाला बारा कोटींहून जास्त ठिपके! फोर-के पडदा घेतला तर ठिपके चौपट होतात. आणि १४४ हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा ताजं होणारं चित्र दाखवणारा मॉनिटर घेतला, तर एका चित्राच्या वाट्याला सातही मिलिसेकंद येत नाहीत. आता कळेल की मॉनिटर शेवटी उरलेल्या पैशांत का घ्यायचा नाही. तुम्ही कोणता पडदा घेता, त्यावर मागच्या यंत्राला किती राबावं लागणार हे ठरतं. भाच्याने फुल एचडीच घेतला, पण १४४ हर्ट्‌झचा. चोवीस इंची पडदा हातभर अंतरावरून बघायचा तर त्याहून जास्त ठिपक्यांची हौस कशाला, हे त्याचं म्हणणं मला पटलं.

इथे माझ्या प्रांतातली एक गोष्ट सापडली. जाहिरातीत लिहिलेलं असतं, सरासरी साठ फ्रेम. आता समजा एका सेकंदात एकच चित्र अडखळलं, त्याला शंभर मिलिसेकंद लागले, आणि बाकीची एकोणसाठ चित्रं उरलेल्या नऊशे मिलिसेकंदांत झरझर उमटली. सरासरी साठच येते. हिशेबात खोट नाही. पण खेळणाऱ्याच्या डोळ्याला ठेच लागते, नेमकी त्याच वेळी समोरून गोळी आलेली असते. गझल लिहिणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ओळीतल्या मात्रा मोजून बरोबर भरतात, आणि तरी म्हणताना ओळ लंगडते. म्हणून जाणकार सरासरीबरोबर सर्वांत मंद एक टक्का चित्रांचाही वेग बघतात. चांगल्या मॉनिटरमध्ये कार्डाचं चित्र तयार होईपर्यंत थांबून मगच ते दाखवण्याची सोय असते, फ्रीसिंक किंवा जीसिंक या नावांनी. लय सांभाळायला तिची बरीच मदत होते.

हे रंगकाम करतं ग्राफिक्स कार्ड. मग प्रोसेसर काय करतो? भिवंडीची यंत्रमागाची शेड डोळ्यांसमोर आणा. माग पुष्कळ. प्रत्येक मागाचं काम साधं आणि सारखं, पण सगळे एकाच वेळी चालू. आणि एखाद-दुसरा जॉबर, ज्याच्या डोक्यात सगळं असतं, जो ठरवतो कुठे काय लावायचं. प्रोसेसर म्हणजे हा जॉबर. भाच्याच्या प्रोसेसरमध्ये असे सहा आहेत. शत्रू कुठून येणार, दगड कसा घरंगळणार, हे ते ठरवतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ती शेड. त्याच्या आरटीएक्स ४०६० या कार्डात ३०७२ छोटे माग आहेत. जॉबर मंद असेल तर माग रिकामे बसतात, आणि माग कमी असतील तर जॉबर हात बांधून उभा राहतो. म्हणूनच चाळीस हजारांच्या कार्डाला जुनापुराणा प्रोसेसर जोडणं म्हणजे पैसे पाण्यात. एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास कार्डावर जावा, हा भाच्याचा आडाखा. वाईट नाही.

रॅमबद्दल एवढंच, की सोळा जीबी हवी असेल तर सोळाची एक पट्टी घेण्यापेक्षा आठच्या दोन घ्याव्यात. दोन वाटांनी ये-जा होते आणि वेग वाढतो. मात्र २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव दुपटीच्या पुढे गेले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीची प्रचंड खरेदी सुरू केली आणि सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांनी आपलं उत्पादन तिकडे वळवलं. भाच्याने वर्षभर आधी उरकलं म्हणून तो सुटला.

आता दुसरं टोक, प्लग. याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण शहाड, आंबिवली, खडवली, आसनगाव अशा ठिकाणांचे असणार. आपल्याकडे २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमन असं होतं की वेळापत्रक लोकांना तोंडपाठ असे. आता तशी स्थिती नाही. पण पावसाळ्यात वारा सुटला, फांदी तारेवर पडली, की दिवे मिचमिचतात, जातात, येतात, पुन्हा जातात. ट्यूबलाईटला त्याचं काही वाटत नाही. कॉम्प्युटरला वाटतं.

कॉम्प्युटरच्या आतले भाग २३० व्होल्टवर चालत नाहीत. त्यांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो. हे रूपांतर करणाऱ्या पत्र्याच्या डब्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात. याला कोणी काचेतून कौतुकाने बघत नाही. म्हणून काटकसर करायची ती इथेच, असं बहुतेकांना वाटतं. शेजारच्या इमारतीतल्या एका मुलाने महागडं कार्ड घेतलं आणि आठशे रुपयांचा सप्लाय लावला. डब्यावर लिहिलं होतं ४५० वॅट. एका रात्री खेळ ऐन रंगात असताना आवाज झाला, जळका वास आला, आणि जाताना तो डबा मदरबोर्ड अन् हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला.

डब्यावरचा मोठा आकडा वाचू नका. बाजूला छोट्या अक्षरांचा तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टची ओळ शोधा. तिथे जेवढे अँपिअर लिहिले असतील त्यांना बाराने गुणा. वीस अँपिअर असतील तर २४० वॅट. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघेही मुख्यतः याच ओळीवर जगतात, म्हणून खरी ताकद तेवढीच. दुसरी खूण म्हणजे '८० प्लस'चा शिक्का. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी निदान ऐंशी टक्के वीज हा डबा पुढे पोचवतो, उरलेली उष्णतेत जाते, असा त्याचा अर्थ. आतल्या भागांना ३०० वॅट हवे असतील आणि डबा ८५ टक्के कार्यक्षम असेल, तर भिंतीतून साधारण ३५३ वॅट ओढले जातात. वरचे ५३ वॅट तुमची खोली तापवतात. भाच्याने साडेपाचशे वॅटचा, ब्राँझ दर्जाचा सप्लाय घेतला. आईला वीजबिलाची धास्ती होती, तिला हिशेब करून दाखवला. त्याच्या यंत्राला खेळताना मॉनिटरसह सुमारे ३०० वॅट लागतात. रोज तीन तास खेळला तर ०.९ युनिट, महिन्याला सत्तावीस. आणि चार तास लोकल करणारा मुलगा रोज तीन तास खेळूच शकत नाही, हे ती स्वतःच म्हणाली.

अर्थिंगचंही सांगायला हवं. आपल्याकडच्या बऱ्याच चाळींत आणि जुन्या घरांत प्लगचं तिसरं, मोठं भोक असतं, पण त्याच्यामागे तार नसते. शोभेचं भोक! अशा ठिकाणी कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. मुलं त्याला हसतात. हसण्यावारी नेण्यासारखं ते नाही. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे भाग असतात, ते किंचितसा प्रवाह पत्र्याकडे सोडतात, आणि तो जमिनीत जाईल हे गृहीत धरलेलं असतं. जमीनच नसेल तर तो पत्र्यावर ठाण मांडून बसतो. आत कुठे एखादी तार सुटून पत्र्याला लागली तर मुंग्यांवर भागणार नाही. बहिणीकडे वायरमन बोलावला. त्याने मीटर लावून दाखवलं, अर्थिंग नावालाही नव्हतं. मग घरामागे खड्डा खणून कोळसा-मीठ घालून पाईप पुरला आणि जाड तार ओढून आणली. त्या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाचं काम हेच वाटलं. फ्रिजचं आणि वॉशिंग मशीनचंही त्यात भलं झालं.

यूपीएस हवाच. पण तो खेळ चालू ठेवायला नसतो. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच पेलतो आणि पूर्ण भारावर काही मिनिटांत मान टाकतो. तेवढ्या वेळात काम सेव्ह करून यंत्र नीट बंद करायचं. थोडी जास्त ताकद घेतलेली बरी, भाच्याने हजार व्हीएचा घेतला. आणि वीज गेली की भिंतीवरचं बटण बंद करायचं. ती परत येताना पहिली काही मिनिटं लहरी असते, स्थिरावली की मग चालू करायचं.

खरेदीला आम्ही मुंबईला गेलो. कल्याण-डोंबिवलीत चांगली दुकानं आहेत, ऑनलाइनही मिळतं. पण मला लॅमिंग्टन रोड बघायचा होता. कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, पण ते नाव सांगून टॅक्सीवाल्याला विचारून बघा. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं. एके काळी हा रस्ता सिनेमागृहांचा आणि रेडिओच्या सुट्या भागांचा. १९७५ चा 'शोले' वर्षानुवर्षं चालला ते मिनर्व्हा इथलंच. रेडिओच्या व्हॉल्व्हच्या जागी आता प्रोसेसर आले, पण घासाघीस करण्याची भाषा तीच राहिली. रविवारी बाजार बहुतेक बंद असतो, हे लक्षात ठेवा. जीएसटीचं बिल घ्या, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या, कारण वॉरंटी प्रत्येक भागाची वेगळी असते. जोडून घेतलेल्या यंत्राचा एकच कोणी वाली नसतो. जुनं कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून भुलू नका. २०२०-२१ मध्ये कूटचलन काढणाऱ्यांनी कार्डांचा बाजार उपसला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांची गरजच उरली नाही, आणि रात्रंदिवस राबलेली ती कार्डं जुन्या बाजारात आली. घ्यायचंच तर समोर चालवून बघून घ्यावं.

परतीच्या लोकलमध्ये काचेच्या बाजू असलेलं कॅबिनेट मांडीवर धरून बसलो होतो. अंगारकी नव्हती म्हणून बरं, नाहीतर टिटवाळ्याच्या गाडीत माझीच मांडी मला सापडली नसती.

जोडणी वाटते तेवढी अवघड नाही. काम करायच्या आधी हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावून अंगातली स्थिर वीज घालवायची. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवर असतो. दोन्ही जुळवून प्रोसेसर नुसता ठेवायचा, तो आपल्या वजनाने बसतो. दाबावं लागलं तर समजायचं, काहीतरी उलटं आहे. त्याच्यावर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट, मग कूलर. दोन गुळगुळीत वाटणाऱ्या धातूंमध्येही बारीक फटी राहतात, त्यांतली हवा उष्णता अडवते. ती जागा पेस्ट भरून काढते. रॅम आणि कार्ड मात्र 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबावे लागतात. सर्वांत छळणारं काम म्हणजे पुढच्या बटणाच्या आणि दिव्यांच्या केसासारख्या तारा. तिथे माझा चाळिशीचा चष्मा निरुपयोगी ठरला, तरुण डोळेच लागतात. शेवटी मॉनिटरची केबल. ती मदरबोर्डच्या खोबणीत न लावता ग्राफिक्स कार्डाच्या खोबणीत लावायची. विंडोजही १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर बरेचदा ६० वरच चालवते. सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडावं लागतं. पैसे मोजूनही वर्षभर ६० वर खेळणारे लोक आहेत म्हणतात.

ऑनलाइन खेळायचं तर आणखी एक अंतर मध्ये येतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सिंगापूर मुंबईपासून सरळ रेषेत चार हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जाऊन-येऊन चाळीस मिलिसेकंद निसर्गानेच कापून घेतले, केबलचा वळसा वेगळा. व्हॅलोरंटसारख्या खेळांचे सर्व्हर मुंबईतही आहेत, हे आपल्या पट्ट्यातल्या मुलांचं नशीब. मात्र वायफायऐवजी केबल जोडावी, भिंतीपल्याडचं वायफाय मध्येच लय तोडतं. हेडफोन लावून खेळणाऱ्या या मुलांची मराठी मी कान देऊन ऐकतो. "मागून आला", "थांब, कव्हर देतो", "गेला रे गेला". यात व्याकरण पूर्ण आहे, एकही शब्द जास्तीचा नाही. आम्ही कवी याचसाठी झुरतो!

हेच यंत्र खेळ बनवायलाही चालतं. 'राजी' नावाचा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी २०२० मध्ये तो जगभर प्रसिद्ध झाला. त्याच्या चित्रांत पहाडी लघुचित्रांची छाया आहे. भाच्याने ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर घेतलंय आणि सुट्टीच्या दिवशी काळू नदीवरचा पूल त्यात बांधायला घेतलाय. अजून कठडे बाकी आहेत. रंगवायला बसला की तेच तीन हजार माग कामाला लागतात.

दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेटही घ्यायचं. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवा आणि नंतर रस्त्यांची धूळ, दोन्ही मिळून पंख्यांवर राप बसतो, आणि मागची फट उघडी असेल तर उबेला पाल येऊन बसते. प्लग काढून मऊ ब्रशने धूळ झटकायची. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, ते वाऱ्याने गरगर फिरलं तर बिघडू शकतं. पुढची जाळी नळाखाली धुवायची, सावलीत पूर्ण वाळवायची आणि मगच पुन्हा बसवायची. बहीण हल्ली ही जाळी स्वतःच धुते.